डावं दार

"परत तीच?" व्हिटो कार्बोनीने खोका उलटसुलट करून पाहिला. "अरे हुडाक, मागची अख्खी भिंत मालाने भरलीय. शर्यतीच्या गाड्या आहेत, पोलिसांच्या आहेत, आगीचा बंबसुद्धा आलाय. कधीतरी दुसरं काही घे की बाबा."

"दुसऱ्याचं काय करू?"

"याचं जे करतोस तेच. चिकटव, रंगव, शेल्फवर ठेव. बाकीची गिऱ्हाइकं काय करतात असं वाटतं तुला?"

रोमन हुडाकने पैसे काढून समोर ठेवले, आणि व्हिटोनेही फार ताणलं नाही. मॉडेलांचं दुकान चालवणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या वेडाला नावं ठेवून चालत नाही. शिवाय या गाडीचे खोके त्याच्याकडे वर्षानुवर्षं धूळ खात पडले होते. 'व्हिक्सन' नावाची ती दोन दारांची छोटी गाडी एके काळी याच गावच्या कारखान्यात तयार व्हायची. दिसायला बेताची, चालायला त्याहून बेताची. तिचं प्लास्टिकचं मॉडेल काढावंसं कुणाला वाटलं, हेच नवल. रोमन सोडला तर त्याला हात लावणारा माणूस ओहायोत दुसरा नव्हता.

"शुक्रवारचं काय ठरलं?" सुटे पैसे परत देताना व्हिटोने विचारलं.

"बघतोय."

"आता काय बघायचं राहिलंय? माझा मेहुणा सोमवारीच सही करून आला. लोरेटा पण दिसली म्हणाला तिथे."

"कारखाना उघडणार आहे, व्हिटो."

"असं होय. उघडला की सांग. मी दुकानाला फुगे लावीन."

कारखाना मार्चमध्ये थांबला होता. 'बंद केला' असं कंपनी कधी म्हणाली नाही. 'सध्या या कारखान्याला कुठलीही गाडी नेमून दिलेली नाही' असं म्हणाली, आणि त्या एका वाक्यावर अर्धं गाव सात महिने आशा धरून बसलं. माणसाला काढायचं तर सरळ काढावं. हे म्हणजे पानं मांडून लोकांना बसवायचं आणि चूल पेटवायचीच नाही, असला प्रकार होता. त्यातच उन्हाळा संपता संपता कंपनीने टेनेसीच्या कारखान्यात जागा देऊ केल्या. ज्याला हवी असेल त्याने शुक्रवारी दुपारी बाराच्या आत युनियनच्या कार्यालयात जाऊन सही करायची. जो करणार नाही त्याची नोकरी संपली, आणि तीस वर्षं भरल्यावर मिळणारी पूर्ण पेन्शनही गेली. रोमनची सत्तावीस झाली होती.

आणि त्याची बायको लोरेटा सोमवारी जाऊन सही करून आली होती.

दोघंही त्याच कारखान्यातले. रोमन डावी दारं चढवायचा. सत्तावीस वर्षं फक्त डावी दारं. उजव्या बाजूला दुसरा माणूस असे. लाइनवरून गाडीचा सांगाडा सरकत यायचा, रोमन त्याला कोरं पत्र्याचं दार लावायचा, बिजागऱ्या आवळायचा, तळव्याने लोटून बंद करायचा, फटीवरून एक नजर फिरवायचा, तोवर पुढचा सांगाडा आलेला असायचा. तीच दारं रंग होऊन बऱ्याच पुढे लोरेटापाशी पोचायची. ती त्यांच्या पोटात काच बसवायची, काच वरखाली करायचं यंत्र बसवायची, आतून अस्तर लावायची. त्यांचं लग्न झालं तेव्हा कारखान्यातल्या टवाळांनी गाडीच्या टपावर रंगाने लिहिलं होतं, 'आता घरी पण हाच चढवणार आणि हीच भरणार'. पाद्रीबुवांनी ते वाचून न वाचल्यासारखं केलं होतं. दोघांना मूल नव्हतं. घर, तळघर आणि एकमेकं, एवढाच काय तो संसार.

त्या संध्याकाळी लोरेटाने लोण्यात कोबी परतून त्यात पिठाचे उकडलेले तुकडे घातले होते, रोमनच्या आईच्या पद्धतीचे. रोमनला ते आवडत, आणि ते केलेत म्हणजे आज काहीतरी बोलायचं आहे, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"शेवटचं विचारते," ती म्हणाली. "येणार आहेस की नाहीस?"

"कारखाना उघडला तर?"

"रोमन, तिथली यंत्रं काढून ट्रकवर चढवताना तू पाहिलीस. माझ्या शेजारी उभा राहून पाहिलीस."

"सगळी नाही नेली."

"मग नोकरी राहू दे. नुसता माझ्याबरोबर चल."

"आणि दिवसभर काय करू तिथे? तुझ्या पगारावर खाऊन भिंतीकडे बघत बसू?"

"इथे काय करतोस मग? तळघरात बसून खेळण्यातल्या गाड्या करतोस. दार लावून घेतोस आतून. मी खाली येऊ नये म्हणून."

रोमनने काटा खाली ठेवला. त्याला सांगता आलं असतं. सांगायला हवं होतं. पण असल्या माणसांचं एक असतं, पायावर दगड पडला तरी आधी दगडाला काही लागलं नाही ना ते बघतील. तो एवढंच म्हणाला, "तू जा. मी तुला अडवत नाही."

लोरेटा त्याच्याकडे बघत राहिली. "अडवत नाही," ती हळू म्हणाली. मग उठून तिने आपलं ताट विसळलं, आणि त्या रात्री पुन्हा विचारलं नाही.

कारखाना उघडेल असं रोमनला वाटत नव्हतं. ते लोकांना सांगायचं कारण होतं. खरं कारण तळघरातल्या शेल्फवर ओळीने उभं होतं.

लहानपणापासून त्याला मॉडेलांचा नाद. कपाटभर न उघडलेले खोके जमवलेले. कारखाना थांबल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने ते सगळे चर्चच्या जुन्या बाजाराला देऊन टाकले आणि एकच किट ठेवलं, व्हिक्सनचं. त्याने आयुष्यातलं पहिलं दार चढवलं ते व्हिक्सनला. वाटलं, आपल्याला ठाऊक असलेलीच गाडी करावी. पण खोका उघडून सगळे भाग टेबलावर मांडले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की यात दार नाहीच. गाडीचं अंग सबंध एका तुकड्यात ओतलेलं, दाराच्या जागी नुसती एक खाच. सत्तावीस वर्षं जे काम केलं ते या गाडीत कुणी धरलंच नव्हतं.

तेव्हा त्याने दार कापलं. सुरीच्या पाठीने खाच हळूहळू खोल केली, कोपऱ्यांवर शिवणाचा दोरा घालून करवतीसारखा ओढला, आणि डावं दार सुटं करून हातात घेतलं. पितळेच्या तारेच्या इवल्या बिजागऱ्या केल्या. दार लावलं, डोळ्यांनी जोखलं, बरोबर वाटलं तेव्हा चिकटवलं. रंग दिला. दुसऱ्या दिवशी दिव्याखाली पट्टी लावून पाहिलं तर दार केसभर उंच बसलं होतं.

केसभर म्हणजे किती, असं तुम्ही-आम्ही विचारू. दार चढवणारा विचारत नाही. बाजूने जाणारी रेघ पुढून येते, दारावर जरा वर चढते आणि मागे पुन्हा खाली उतरते, एवढं त्याला बस होतं. बरोबर जोखून लावलेलं दार उंच का बसलं? गोंद वाळेपर्यंत हात हलला असणार. त्याने दुसरं किट आणलं. पुन्हा उंच. तिसरं आणलं. मग बिजागऱ्या बदलल्या, गोंद बदलला, मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवून पाहिली. दार उंचच. आणि हळूहळू रोमन हुडाकची खात्री होत गेली की आपला हात गेला. सात महिने रिकामं बसलो आणि हात गेला. शेल्फवर गाडीशेजारी गाडी लागत गेली, आणि प्रत्येक गाडी त्याला तेच सांगत राहिली.

यात एर्ल टॅकेटच्या फोनने भर घातली. एर्ल त्याचा लाइनवरचा दोस्त, पहिल्याच तुकडीत टेनेसीला गेलेला.

"इथे दारं माणसं चढवतच नाहीत रे," एर्ल म्हणाला. "यंत्रं चढवतात. आपल्याला देतात कुठलंही काम, आणि दोन दिवसांत शीक म्हणतात. माझ्याच्याने एक वायर लवकर लागेना, तर तिशीतला सुपरवायझर सगळ्यांच्या समोर म्हणतो कसा, आजोबा, चष्मा घरी राहिला का?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? हसलो. सगळे हसले, मी पण हसलो."

ते हसणं रोमनच्या डोक्यातून जाईना. एर्लचा हात तर चांगला होता. चांगल्या हाताच्या माणसाची ही गत, तर ज्याचा हात गेलाय त्याने त्रेपन्नाव्या वर्षी तिथे काय तोंड घेऊन जायचं? आणि तेही लोरेटाच्या डोळ्यांदेखत. ती त्याच छपराखाली असणार. तिच्या कानावर जाणार, हुडाकला काही जमत नाही म्हणून. सत्तावीस वर्षं ती त्याची दारं हातात घेत आली होती आणि तिने कधी एक दार परत पाठवलं नव्हतं. रोमनला आयुष्यात अभिमान वाटावा असं एवढंच होतं. ते तसंच राहावं, एवढीच त्याची धडपड होती.

म्हणून त्याने मनाशी ठरवलं होतं. एक, फक्त एक दार सरळ बसू दे. बसलं की त्याच पावली जाऊन सही करायची.

शेवटचा प्रयत्न त्याने गुरुवारी केला, व्हिटोकडून आणलेल्या त्या खोक्यावर. सकाळपासून खाली बसला. वर लोरेटा कपाटं रिकामी करत होती, तिच्या पावलांचा आवाज डोक्यावर ऐकू येत होता. या वेळी त्याने घाई केली नाही. दार लावून, श्वास रोखून, रेघ पुढून मागे तीन-तीनदा डोळ्यांनी तपासली. रेघ सरळ होती. त्याला ती सरळ दिसत होती, शपथेवर सांगितलं असतं त्याने. गोंद घातला आणि वाळेस्तोवर बोट हलू दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी पट्टी लावली. केसभर उंच.

तो तसाच बसून राहिला. मग अंगात कोट चढवून गाडी काढली आणि युनियनच्या कार्यालयासमोर जाऊन थांबला. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. एकाने बाहेर येऊन पायरीवरच सिगारेट पेटवली आणि रडायला लागला, चारचौघांत. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण सगळ्यांचंच तसं होतं. ओळखीच्या एकाने रोमनच्या काचेवर टकटक केली.

"आत नाही येत? पाचच मिनिटं राहिलीत."

"येतो. तू हो पुढे."

तो गेला नाही. आतून कुणीतरी येऊन दाराला कडी लावली, तेव्हा रोमनला क्षणभर बरं वाटलं. आता कुणाला काही दाखवायचं राहिलं नव्हतं. लगेच त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटली.

घरी आला तर लोरेटा स्वयंपाकघरात खोक्यांना चिकटपट्टी लावत होती.

"नाही केली सही," तो म्हणाला.

"माहीत होतं."

"लोरेटा..."

"राहू दे. डोरीनचीही सही झालीय, तिच्याबरोबर तिकडे खोली घेतलीय, दोघींत. उद्या सकाळी निघतो आम्ही. ही पट्टी संपली. खाली आहे का तुझ्याकडे?"

"आणतो."

"मीच जाते. आता काय लपवायचंय तुला?"

ती जिना उतरून गेली, आणि बराच वेळ वर आली नाही. रोमन आधी टेबलाशी थांबला. मग खाली गेला.

लोरेटा शेल्फसमोर उभी होती. सगळ्या गाड्या तांबड्या, निळ्या, पांढऱ्या, एकाच जातीच्या, नाकं एका बाजूला करून लावलेल्या. तिने एक उचलून अंगठ्याचं नख दाराच्या वरच्या काठावरून फिरवलं. ती खाली ठेवून दुसरी उचलली. मग तिसरी. लाइनवर ती असंच करायची, काच घालण्याआधी काठावरून नख. डोळे मिटून करायची, कारण डोळे फसवतात म्हणे.

"ही सगळी तू कापलीस?"

"हो."

"दारं उंच आहेत."

"माहीत आहे," रोमन म्हणाला. त्याला वाटलं होतं त्याहून ते बोलणं सोपं गेलं. "म्हणूनच नाही गेलो. हात गेलाय माझा, लोरेटा. एक दार सरळ बसत नाही. तिथे येऊन तुझी मान खाली घालायला लावली असती मी."

ती वळली नाही. हातातली गाडी ठेवून तिने शेवटची उचलली, कालची. नख फिरवलं.

"म्हणून नाही आलास? मला वाटलं, तुला मी नको आहे."

"काय बोलतेस."

"सात महिने दार लावून बसलास. दुसरं काय वाटणार मला?" मग एकदम ती त्या गाडीवरून पुन्हा पहिल्या गाडीवर, पुन्हा मधल्या एकीवर नख फिरवू लागली. "रोमन, लाइनवर दार किती उंच चढवायचास?"

"नखाच्या जाडीएवढं."

"का?"

"का म्हणजे? कोरं दार हलकं असतं. पुढे तू काच घालणार, यंत्र घालणार, अस्तर लावणार. त्या वजनाने खाली येतं आणि बरोबर..."

तो बोलता बोलता थांबला.

"यात मी काही घालत नाही," लोरेटा म्हणाली. "यात कुणीच काही घालत नाही. तू आजही माझ्यासाठी जागा सोडून चढवतोयस. तुझ्या डोळ्याला तेच सरळ दिसतं."

रोमनने शेल्फची कड धरली. लाइनवर नव्या पोरांना हेच तो कितीदा सांगत आला होता. उंच चढव, खाली येईल. कुणी त्याला विचारलं असतं तर झोपेतसुद्धा सांगितलं असतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याने कुणाला खाली येऊ दिलं नव्हतं.

"आणि ऐक," ती म्हणाली. आता ती रडत होती. "सगळी सारखीच उंच आहेत. पहिलं आणि कालचं, यात कणाचा फरक नाही. हात गेला असता तर एक उंच बसलं असतं, एक खाली, एक तिरकं. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाची दारं यायची ना तशी. हात गेलेला नाही तुझा. जसा होता तसा आहे. मी सांगते. तुझी दारं माझ्याइतकी कुणाला माहीत आहेत?"

"किती वाजले?" रोमनने विचारलं.

"दोन वाजून गेले."

तरी ती वर धावली. युनियनच्या कार्यालयात फोन लावला. तिचं बोलणं त्याला खाली ऐकू येत होतं. आधी ती समजावत होती, मग विनवत होती, मग एका नावाने कुणाला तरी हाक मारून म्हणाली, अरे, आपण एकत्र पिकनिकला जायचो, एवढं कर माझ्यासाठी. पलीकडच्या माणसाने बहुतेक नीटच सांगितलं असणार, कारण शेवटी ती त्याचे आभार मानून गप्प झाली. नावं बाराच्या ठोक्याला पुढे गेली होती.

ती परत खाली येऊन शेवटच्या पायरीवर बसली. रोमन स्टुलावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून. तो त्या हातांकडे बघत होता. ते अजिबात थरथरत नव्हते.

"मला एकदा दाखवायचं होतंस," लोरेटा म्हणाली. "एक गाडी वर आणून टेबलावर ठेवायची होतीस. बस. तेवढ्याने झालं असतं."

"हो."

"मी तरी एकदा खाली यायला हवं होतं."

तिने डोळे पुसले.

"तसाच चल माझ्याबरोबर. डोरीनला मी सांगते. नोकरी नसेना का."

रोमनने मान हलवली. ती नको म्हणून होती की काही ऐकूच आलं नाही म्हणून, ते लोरेटाला कळलं नाही. मग तो बोलला, तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. ती आयुष्यभर विसरणार नाही असा तो आवाज होता, विनवणीचा.

"तू मला हे सांगायला नको होतंस, लोरेटा. हात गेलाय असं समजत होतो तोवर कारण तरी होतं माझ्याकडे."

ती उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याचं डोकं तिने आपल्या पोटाशी धरलं. सकाळी सात वाजता डोरीन गाडी घेऊन आली, आणि लोरेटा खोके चढवून तिच्याबरोबर निघून गेली.